सळया आणि लाल फडकं

"लाल फडकं बांधलंय की, ताई. अजून काय पाहिजे?"

सिग्नलला पिकअप उभी होती. मागच्या फळक्यावरून सळया दोन-तीन हात बाहेर. टोकं बरोबर मागच्या स्कूटरवाल्याच्या छातीच्या उंचीला. मी बोलले तर ड्रायव्हरचं हे उत्तर. उद्धटपणे नाही, त्याला मनापासून तसंच वाटत होतं.

पण स्कूटरवाल्याचा ब्रेक उशिरा लागला, तर ते फडकं काय करणार? रात्री तर ते दिसतही नाही. बॉडीबाहेर सळया काढून न्यायला २०१४ पासून बंदी आहे. आता दंड २०,००० रुपये.

शिवाय वजन मागच्या चाकांच्या मागे गेलं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग नीट ऐकत नाही. चढावर तर जास्तच. जड माल केबिनला टेकवून, तळाशी, घट्ट आवळून बांधायचा असतो. सळया मावत नसतील तर लांब हौद्याची गाडी, नाहीतर दुकानातच कापून किंवा दुमडून घ्यायच्या.

त्या ड्रायव्हरवर एकट्यावर राग येत नाही मला. भाडं वाचवायला छोटी गाडी ठरवणारे आपणच असतो.

तुमच्या बांधकामाचा माल कसल्या गाडीतून आला, बघितलं होतंत का?