उसनी तळटीप

कोल्हापुरात घर क्रमांकावरून घर शोधायला जाऊ नये. अमुक पेठ, तमुक तालीम, मागच्या बोळात पिठाची गिरणी, तिथं विचारा. माणूस बरोबर पोचतो, कारण वाटेत विचारायला कोणीतरी उभं असतं. तळटीपेवरून मूळ लेख किंवा पुस्तक शोधायला निघालं की त्या वाटेवर कोणी नसतं. तिथं सगळी भिस्त कंस, स्वल्पविराम आणि चार आकड्यांवर.

‘१२(३): ४५–६१’ यात बारा म्हणजे खंड, मराठी नियतकालिकांत ज्याला ‘वर्ष’ म्हणतात तो. कंसातला तीन म्हणजे अंक आणि पुढची पानं. पण कपाटात तिसरा अंक सुटा थोडाच असतो? वर्षभराचे अंक एकत्र बांधलेले, बांधताना बऱ्याचदा मुखपृष्ठं काढून टाकलेली, पाठीवर फक्त खंड आणि साल. पानं वर्षभर सलग मोजलेली असतील तर अंक चुकीचा लिहिलेला असला तरी लेख मिळतो. दर अंकाची सुरुवात एक क्रमांकाच्या पानापासून असेल, तर मासिकाच्या एकाच गठ्ठ्यात पंचेचाळिसावं पान बारा वेळा येतं. तिथं अंकाशिवाय गती नाही.

खंड आणि साल यांचा मेळ मात्र जागेवर बसूनच घालता येतो. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चा पहिला खंड १९६६चा. सालातून १९६५ वजा केले की खंड मिळतो. तेव्हा ‘खंड ३२, १९९५’ असं दिसलं की दोन्हीपैकी एक खोटं आहे, हे जिना चढण्याआधीच कळतं. मराठी जुन्या पुस्तकांत अशी मेख शकाची असते. शके १८२४ मध्ये ७८ मिळवले की १९०२. पण पौषाच्या आसपास इंग्रजी साल बदलतं, म्हणून माघ-फाल्गुनाला ७९.

तळटीप वाचता वाचता आणखी एक गोष्ट उमगते: लिहिणाऱ्यानं पुस्तक उघडलं होतं की दुसऱ्याची तळटीप उचलली होती. शाहू महाराजांचा मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखून ठेवणारा आदेश २६ जुलै १९०२चा, करवीर सरकारच्या गॅझेटमधला. आता गॅझेट म्हणजे राजपत्र आणि गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा जाडजूड ग्रंथ. कोल्हापूरचा गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला चोविसावा खंड, छापला १८८६ मध्ये. १९०२च्या आदेशाखाली कोणी हा खंड टाकला, तर त्यानं दोन्हींपैकी काहीच पाहिलेलं नाही. ही गल्लत भाबडी नव्हे, आळशी आहे.

आणि गॅझेटियरच्याही मागे जावं लागतं. तिथं भेटतो मेजर ग्रॅहमचा कोल्हापूर संस्थानावरचा १८५४चा अहवाल. ग्रंथालयाच्या सूचीत हा सहज हाती लागत नाही, आणि त्याची कारणं दोन. एक, शीर्षकात कोल्हापूरचं इंग्रजी स्पेलिंग जुनं, ‘यू’च्या जागी दोन ‘ओ’. संगणकाला आजचं स्पेलिंग दिलं की तो सरळ हात वर करतो. दुसरं, हा अहवाल मुंबई सरकारच्या दप्तरातल्या निवडक कागदांच्या मालिकेत, तिच्या ‘न्यू सिरीज’मध्ये आठव्या क्रमांकाला निघाला. काही ठिकाणी नोंद मालिकेच्या नावानंच असते, ग्रॅहम तिच्या पोटात. लेखक सापडला नाही तर शीर्षक, शीर्षक नाही तर मालिका, या क्रमानं शोधावं आणि मगच ‘नाही’ हा शब्द मान्य करावा. १८५०पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठातलं खर्डेकर ग्रंथालय यांच्या सूच्या वेगळ्या. एकीकडे नाही म्हणजे गावात नाही, असं होत नाही.

सूचीत नोंद मिळाली तरी कपाटाशी एक सापळा असतोच. विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायच्या ड्यूई पद्धतीत महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ला. पुष्कळजण हे पुस्तक ९५४.८च्या पुढे शोधतात, कारण सातशे ब्याण्णव आठापेक्षा मोठे. पण दशांश चिन्हानंतर एकेक आकडा वाचायचा: सात आधी, आठ नंतर. आकडा जुळला की खालची अक्षरं बघायची. तरीही जागा रिकामी दिसली तर शेजारची दहा पुस्तकं आणि वाचून मेजावर ठेवलेला ढीग चाळावा. नंतर ग्रंथपालांना विचारावं. ‘बाइंडिंगला गेलंय’ हे उत्तर पुष्कळदा खरंच असतं.

‘तत्रैव’वर मात्र कधीच विश्वास टाकू नये. त्याचा अर्थ लगेच वरचा संदर्भ. लेखकानं दुसऱ्या खर्ड्यात मध्येच एक नवी टीप घुसवली की खालचे सगळे ‘तत्रैव’ परक्या घरात जाऊन बसतात, आणि मुद्रितशोधकालाही ते दिसत नाहीत. पान जुळत नसेल तर आवृत्तीही तपासावी. पहिल्या आवृत्तीतलं पान १२० तिसरीत १३४वर गेलेलं असतं.

एवढं करून लेख मिळतो. मग झेरॉक्सच्या रांगेत पृष्ठ ४५ ते ६१ सांगितली जातात, पैसे दिले जातात. नामपत्र, म्हणजे पुस्तकाच्या नावाचं पान, आणि त्याची मागची बाजू, जिथं साल, आवृत्ती आणि प्रकाशक असतात, त्यांची प्रत काढायला कोणी सांगत नाही. केएमटीची बस सायबर चौक ओलांडून पुढं गेलेली असते, तेव्हा आठवतं.