तुम्ही विचारलेत म्हणून : बेअरिंगच्या शाफ्टला कोणता फिट द्यायचा?

फिट म्हणजे शाफ्टवर बेअरिंगची आतली रिंग किती घट्ट किंवा सैल बसवायची ते; ड्रॉइंगवर ते एच६, के६ अशा खुणांनी लिहितात. हा प्रश्न मला सतत कोणी ना कोणी विचारतो आणि प्रत्येकाला उत्तर एका शब्दात हवे असते. 'सर, के६ लिहून टाकू का?' भार कोणत्या रिंगवर फिरतो, तो किती आहे, बेअरिंगच्या आतला क्लिअरन्स (गोळ्या आणि रिंगा यांच्यामधली मोकळी जागा) कोणता मागवला आहे, असे मी उलट विचारू लागलो की समोरच्याला वाटते, मी उत्तर टाळतो आहे. मी टाळत नाही. एकदा मी एका शब्दात उत्तर दिले होते, त्याचे काय झाले ते सांगतो.

भोसरीतल्या एका कारखान्यात पट्ट्यावर चालणारा ब्लोअर होता. शाफ्ट ४० मिलिमीटरचा, बेअरिंग ६३०८ क्रमांकाचे. जुन्या ड्रॉइंगवर शाफ्टला लहान अक्षरातला एच६ होता, म्हणजे ४० मिलिमीटरपासून शून्य ते उणे १६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बेअरिंगचे बोअरही (आतले भोक) शून्य ते उणे १२ मायक्रॉन असते, त्यामुळे काही जोड्या घट्ट बसत, काही सैल राहत. सैल जोडीत आतली रिंग शाफ्टवर सरकू लागे आणि उघडून पाहिले की तांबूस भुकटी दिसे. पट्ट्याची ओढ एकाच दिशेची आणि शाफ्ट फिरता असेल, तर आतल्या रिंगच्या परिघावरून भार फिरत जातो; अशी रिंग घट्टच बसली पाहिजे. येथपर्यंत माझा विचार बरोबर होता आणि त्याबाबत मी आजही माघार घेणार नाही. पण किती घट्ट, हे न मोजता मी एन६ लिहिला.

एन६ म्हणजे अधिक १७ ते अधिक ३३ मायक्रॉन. बोअरचे उणे १२ धरले तर घट्टपणा १७ ते ४५ मायक्रॉनचा होतो. रिंग तेवढी ताणली जाते आणि त्यातला साधारण चार-पंचमांश भाग गोळ्यांच्या वाटेपर्यंत पोहोचतो. सामान्य क्लिअरन्स ६ ते २० मायक्रॉन. म्हणजे बहुतेक जोड्यांत गोळ्यांना जागाच उरत नाही. हा हिशेब पाच मिनिटांचा होता.

बेअरिंग बसवल्यावर आमच्या मिस्त्रींनी ते हाताने फिरवून पाहिले आणि म्हणाले, 'साहेब, जड फिरतंय.' मी म्हणालो, 'नवीन आहे, चालल्यावर मोकळे होईल.' तिसऱ्या रात्री ग्रीस जळाल्याचा वास आला आणि शाफ्ट अडकला. चौकशीत कोणीतरी म्हणाले की हातोडीने ठोकून बसवले असेल. मिस्त्रींनी ते तापवून बसवले होते आणि मी तेथे उभा होतो. तरी अहवालात 'बसवणीतील दोष' असे लिहिले गेले आणि मी त्यावर सही केली. मिस्त्रींनी मला पुढे काही विचारले नाही.

त्या वेळचा मी आजही म्हणतो की घाई होती, आधीचा फिट सैल ठरला होता, घट्ट करणे साहजिक होते. मी त्याला सांगतो की फिटचा तक्ता टेबलावर होता आणि 'जड' हा शब्द कानावर पडला होता. सहीबद्दल मात्र त्याच्याकडे काही उत्तर नाही, माझ्याकडेही नाही.

आता तुमच्या के६ विषयी. ४० मिलिमीटरला तो अधिक २ ते अधिक १८. घट्टपणा २ ते ३० मायक्रॉन. तीस मायक्रॉनची जोडी जुळली तर तोही सामान्य क्लिअरन्स खाऊन टाकतो. अशा जोड्या क्वचित जुळतात आणि ग्राइंडिंगच्या खुणांचे शेंडे दबून थोडा घट्टपणा कमी होतो, हे खरे. म्हणून के६ बहुधा निभावतो. भार हलका असेल तर मी जे६ देतो, अचूकता हवी असेल तर के५ मागतो आणि ग्राइंडिंगचा वाढता खर्च ऐकून घेतो. आयडलरसारखी (पट्ट्याला नुसता आधार देणाऱ्या चाकासारखी) बाहेरची रिंग फिरत असेल तर सगळेच उलटते. घट्टपणा बाहेर लागतो आणि शाफ्टवर सैल चालते.

त्या ब्लोअरवर शेवटी के६ आणि सी३ (सामान्यापेक्षा जास्त) क्लिअरन्सचे बेअरिंग, असे दोन्ही बदल एकाच वेळी केले. ते चालले. त्यातला कोणता बदल उपयोगी पडला, हे मला आजही वेगळे करून सांगता येत नाही.