तुम्ही विचारलंत म्हणून: शेजारच्या पडून असलेल्या जागेचा भाव

मी जमिनींच्या मूल्यांकनाचं काम करतो हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो. “शेजाऱ्यांची जागा कित्येक वर्षं नुसती पडून आहे. त्यांना तिचा उपयोग नाही, आम्हाला होईल. किती द्यावेत म्हणजे योग्य?” विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एक आकडा तयार असतो, आणि तो ‘पडून आहे’ या दोन शब्दांवर उभा असतो.

जागा पडून असते त्याला कारणं असतात. भावंडांची वाटणी झालेली नसते. हद्दीबद्दल जुना वाद असतो. खोलगट भाग असतो, भराव घालायला पैसे नसतात. किंवा मुलगी दहा वर्षांनी परत येऊन घर बांधेल म्हणून आई-वडिलांनी ती मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. यातलं शेवटचं कारण असेल तर जागा वापरात आहे असंच मी धरतो. म्हणून भावाच्या आधी कारण विचारा. वाटणीचा तिढा असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या मिळेपर्यंत कुठलाही भाव बोलण्यात अर्थ नाही.

माझी स्वतःची पहिली खरेदी अशीच शेजारच्या काकूंकडून झाली. त्यांच्या घरामागची एक पट्टी, कमरेइतकं गवत वाढलेली. मोजायला गेलो तेव्हा टेपचं शून्याचं टोक काकूंनी कुंपणाच्या दगडावर अंगठ्याने दाबून धरलं होतं, दुसरं टोक माझ्या हातात. टेप मधे गवतावर टेकून सैल पडत होती. काकू दर वेळी ओरडायच्या, “ताण रे, ताण! माप जास्त भरेल आणि तुलाच जास्तीचे पैसे पडतील.” मापं लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, “तुला कशाला हवीय रे ही?” मी म्हणालो, “विशेष काही नाही काकू, जरा मोकळं वाटेल.” माझ्या कपाटात तेव्हा दोन खोल्यांचा नकाशा तयार होता. त्या पट्टीशिवाय तो मंजूरच झाला नसता.

मी त्यांना आजूबाजूच्या दराने चौरस फुटाप्रमाणे पैसे दिले. कागदोपत्री चोख व्यवहार. सहा महिन्यांनी पायाचे खड्डे खणले तेव्हा त्या मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, “तेव्हा का नाही बोललास?” चार वर्षांनी मी हिशेब पुन्हा मांडला आणि फरकाची रक्कम घेऊन गेलो. त्यांनी ती घेतली, मोजली आणि पावती लिहून दिली. टेप ताणायला सांगणारी सलगी मात्र परत आली नाही.

आज मी तो हिशेब कसा मांडतो ते सांगतो. योग्य भाव हा एक आकडा नसतो, दोन आकड्यांच्या मधली जागा असते. खालचा आकडा शेजाऱ्याचा: जागा दिल्यावर त्याच्या उरलेल्या मिळकतीची किंमत किती उतरते. वरचा आकडा तुमचा: जागा मिळाल्यावर तुमच्या मिळकतीची किंमत किती वाढते. पट्टीचं क्षेत्रफळ गुणिले दर, हा हिशेब या दोन्हींपैकी एकही नव्हे.

समजा शेजाऱ्याचा प्लॉट ६० फूट रुंद आहे आणि तुम्हाला त्यातली ५ फुटांची पट्टी हवी आहे. क्षेत्रफळ पाहिलं तर हा बारावा हिस्सा. त्याच्या प्लॉटची किंमत १०० धरली तर पट्टीचे साधारण ८ होतात. बहुतेक लोक इथे थांबतात. पण बांधकामाला दोन्ही बाजूंनी १०-१० फूट सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा, सोडावं लागत असेल तर? आज त्याला ४० फूट रुंद बांधता येतं, पट्टी दिल्यावर ३५. बांधता येणाऱ्या रुंदीतला आठवा हिस्सा गेला. म्हणजे जमीन बाराव्या हिश्शाने कमी झाली, पण उपयोग आठव्या हिश्शाने. त्याचं नुकसान ८ नाही, साडेबाराच्या आसपास आहे. सोयीसाठी १२ धरू. ८ घेऊन त्याने सही केली तर तो ४ पदरचे घालतो आणि त्याला ते कळतही नाही.

आता तुमची बाजू. त्या ५ फुटांमुळे गाडी मागपर्यंत जाणार असेल आणि मागे अडकलेली जागा बांधकामाला मोकळी होणार असेल, तर वाढ मोठी असते. ती त्याच मापाने ३० धरू. मोजणी, खरेदीखत, जुनी भिंत पाडून नवी बांधणं यांचा खर्च ४. आता ३० मधून १२ आणि ४ वजा केले की उरतात १४. हा या व्यवहारातून नव्याने निर्माण होणारा फायदा. तो जमीन फक्त त्याची असल्यामुळे होत नाही, गरज फक्त तुमची असल्यामुळेही होत नाही, दोघांच्या जागा शेजारी शेजारी असल्यामुळे होतो. निम्मा-निम्मा केला तर ७-७. भाव झाला १२ अधिक ७, म्हणजे १९, आणि खर्च तुमचा. तुमच्याकडे ३० वजा १९ वजा ४, म्हणजे ७ राहतात. त्याच्याकडेही ७.

याच हिशेबात तुमची वाढ ३० ऐवजी १५ निघाली तर? मग १२ आणि ४ मिळून १६ होतात आणि व्यवहारात दोघांना मिळून तोटा आहे. अशा वेळी मी खरेदी करूच नका म्हणतो. जाण्या-येण्याचा लेखी हक्क घ्या किंवा काही वर्षांचा भाडेपट्टा करा. कित्येकांना खरं तर तेवढंच हवं असतं.

इथे एक वाद नेहमी घातला जातो. “त्या जागेला माझ्याशिवाय गिऱ्हाईकच नाही, मग मी जादा का देऊ?” या वादाला जुनं उत्तर आहे. १९३९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलसमोर, म्हणजे तेव्हा आपल्याकडच्या खटल्यांचं शेवटचं अपील जिथे चालायचं तिथे, विशाखापट्टणम बंदराचं प्रकरण आलं. बंदराच्या परिसरातल्या मलेरियाच्या बंदोबस्तासाठी जमीन संपादित केली होती आणि तिच्यात चांगल्या पाण्याचा झरा होता. त्या पाण्याला गिऱ्हाईक एकच, खुद्द बंदर. तरीही निर्णय असा झाला की गिऱ्हाईक एकच आहे म्हणून जमिनीच्या त्या गुणाची किंमत शून्य धरता येणार नाही. राजीखुशीने विकणारा आणि राजीखुशीने घेणारा समोरासमोर बसून जी किंमत ठरवतील ती धरायची. उलट बाजूने, शेजारी अडून बसला आणि संपूर्ण वाढ मागू लागला तर तेही बरोबर नाही. १९६१ साली केंब्रिजच्या एका प्रकरणात जमिनीकडे जायची वाट दुसऱ्याच्या जागेतूनच होती. न्यायाधिकरणाने वाटेमुळे वाढणाऱ्या किमतीचा एक तृतीयांश भाग वाटेच्या मालकाचा धरला. तेव्हापासून ‘एक तृतीयांश’ हा आकडा आमच्या धंद्यात तोंडपाठ झाला आहे. तो नियम नव्हे, त्या प्रकरणातली वाटणी आहे. शेजारधर्मात मी निम्म्यापासून सुरुवात करतो, कारण दोघांपैकी कुणालाही समजावून सांगायला तोच आकडा सोपा जातो.

बाजारभाव काढताना फार वेळ घालवू नका, पण दोन चुका टाळा. जाहिरातीत मागितलेला भाव धरू नका, नोंदलेल्या व्यवहारातला धरा. आणि सबंध प्लॉटचा दर पट्टीला लावू नका. मागची जागा असेल तर तो आणखी बदलतो: रस्त्यापासून आत जाताना पट्टे पाडायची जुनी पद्धत आहे, पहिल्या पट्ट्याला पूर्ण दर, दुसऱ्याला दोन तृतीयांश, तिसऱ्याला निम्मा. कराच्या आकारणीसाठी ठरवलेला सरकारी दर हा करासाठीच असतो.

पुढे बांधून विकायचा विचार मनात असेल तर तो शेजाऱ्याला आत्ताच सांगा. अमुक वर्षांत विकलं तर नफ्यातला ठरावीक वाटा त्याला, असं कलम करारात घालता येतं. माझ्या त्या पहिल्या करारात असं एक कलम असतं तर काकूंकडे जाताना मला चार वर्षं लागली नसती.

“पण वरचा आकडा दाखवला की तो तोच मागणार,” हे ऐकल्याशिवाय माझी एकही बैठक संपत नाही. काही जण मागतात. त्यांना कागदावर दाखवता येतं की त्या आकड्याला माझ्या हाती काही उरत नाही, मग मी विकत कशाला घेईन? बहुतेक जण मात्र कागद घेऊन घरी जातात आणि शांतपणे वाचतात. त्यांना तेवढा वेळ द्या. मागे एकदा दोन शेजाऱ्यांसाठी मी असाच एक पानी हिशेब केला होता, वरचा आणि खालचा दोन्ही आकडे मांडून. देणाऱ्या गृहस्थांनी कागद दोन महिने ठेवून घेतला. घेणाऱ्याची खात्रीच झाली की भाव वाढवायचा बेत आहे. मग एका सकाळी ते कागद घेऊन आले. माझ्या खर्चाच्या यादीखाली त्यांनी पेन्सिलने एक ओळ वाढवली होती: ‘पट्टीखालून आमची ड्रेनेजची लाइन जाते. ती हलवण्याचा खर्च धरलेला नाही.’ पुढे प्लंबरने दिलेला अंदाज होता, आणि त्याच्याही पुढे, बेरीज-वजाबाकी करून, तो खर्च दोघांत निम्मा-निम्मा वाटलेला.