सनद हाती आल्यावर शहर कोणते?

कायद्याची पदवी हाती आली की नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो: मुंबईला कधी जाणार? माझे घर सांगली जिल्ह्यात, कायद्याचे पाच वर्षांचे शिक्षण पुण्यात, आणि घराण्यात यापूर्वी कोणी वकील झालेले नाही. त्यामुळे हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कोणालाही मुंबईत नेमके कोणाकडे आणि कशासाठी जायचे हे सांगता येत नव्हते. उत्तराबद्दल मात्र सर्वांची खात्री होती. अभियंत्याचे गाव बहुतेक वेळा कंपनी ठरवते, डॉक्टरचे गाव पदव्युत्तर प्रवेशाची यादी किंवा सरकारी सेवेची अट ठरवते. वकिलाला असे कोणी ठरवून देत नाही. बार कौन्सिलची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाली आणि ठरलेल्या मुदतीत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण झाले की देशभर कोठेही वकिली करण्याची कायद्याने मुभा असते, आणि नवख्या माणसाला गोंधळात टाकते ती नेमकी हीच मुभा.

निवड करायला बसल्यावर मी भाडे, हवा, खाणेपिणे, मैत्रिणी कोठे आहेत या गोष्टी काही काळ बाजूला ठेवल्या आणि एकच प्रश्न पुढे घेतला. पहिल्या तीन-चार वर्षांत न्यायाधीशांसमोर स्वतः उभे राहून बोलण्याची संधी मला कोठे मिळेल, आणि ती कोणत्या प्रकारच्या कामात मिळेल? शहर चांगले की वाईट यापेक्षा त्या शहरात कोणते न्यायालय बसते आणि त्याच्या बोर्डावर, म्हणजे रोजच्या सुनावणीच्या यादीत, कोणती प्रकरणे लागतात, यावर नव्या वकिलाचे शिक्षण अवलंबून असते, असे माझे मत आहे. मुंबई उच्च न्यायालय १८६२ साली स्थापन झाले. मुंबईबाहेर नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा येथे त्याची पीठे आहेत. पश्चिम महाराष्ट्रातील आणि दक्षिण कोकणातील माणसाला मात्र अपील असो वा रिट, थेट मुंबईच गाठावी लागत असे. ऑगस्ट २०२५ पर्यंत आमच्या भागातील मुलामुलींना उच्च न्यायालयात वकिली करायची म्हणजे मुंबईत राहायचे, याला पर्याय नव्हता. मी कायद्याला प्रवेश घेतला तेव्हा कोल्हापूर या यादीत नव्हते, ते पदवी घेईपर्यंत यादीत आले.

आधी मुंबईविषयी, कारण तिला नाकारताना कारणे नीट द्यावी लागतात. मुंबईत जे आहे ते महाराष्ट्रात इतरत्र कोठेही नाही. उच्च न्यायालयाची मूळ शाखा, म्हणजे जिथे मोठ्या रकमांचे दावे अपिलात न येता थेट उच्च न्यायालयातच दाखल होतात ती 'ओरिजिनल साइड', फक्त मुंबईत आहे; सॉलिसिटरने प्रकरण तयार करायचे आणि कौन्सिलने ते न्यायालयात मांडायचे ही जुनी विभागणीही तिथे अजून टिकून आहे. रिझर्व्ह बँक आणि सेबी यांची मुख्यालये, रोखे अपील न्यायाधिकरण, कंपनी विधी न्यायाधिकरणाचे मुंबई पीठ हे सारे एका शहरात आहे. ज्याला कंपनी कायदा, रोखेबाजार, लवाद किंवा दिवाळखोरीची प्रकरणे करायची आहेत, त्याने मुंबई सोडून दुसरीकडे जाण्याचा विचारही करू नये, आणि माझ्या वर्गातील ज्यांना ही कामे करायची होती ते फर्मची नोकरी धरून तिकडे गेले, हे योग्यच झाले.

मला मात्र फर्ममध्ये जायचे नव्हते, एखाद्या सीनिअर वकिलाच्या हाताखाली त्यांच्या चेंबरमध्ये जायचे होते, आणि चेंबरमधील ज्युनिअरचा मुंबईतील हिशेब वेगळा असतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरी भागात दरमहा किमान २०,००० रुपये आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये मानधन द्यावे, अशी शिफारस केली. शिफारस म्हणजे सक्ती नव्हे, आणि हा फरक वकिलांना समजावून सांगण्याची गरज नाही. पूर्ण २०,००० मिळाले असे गृहीत धरले तरी फोर्टच्या आसपास राहणे त्यात शक्य नाही. डोंबिवलीला मावशीकडे राहून रोज लोकलने सीएसएमटीपर्यंत जायचे, संध्याकाळी सीनिअरांच्या कॉन्फरन्स संपेपर्यंत थांबायचे आणि परत जायचे, असा तो दिनक्रम झाला असता. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावू लागल्याने हुतात्मा चौकात उतरून उच्च न्यायालयात चालत जाता येते, ही सोय खरी आहे, पण ती डोंबिवलीकराच्या उपयोगाची नाही. शिवाय नव्या न्यायालय संकुलाचे भूमिपूजन नोव्हेंबर २०२५ मध्ये वांद्रे पूर्वेला झाले आहे. म्हणजे आज फोर्टचा विचार करून घेतलेले घर काही वर्षांनी चुकीच्या टोकाला पडण्याची शक्यता आहे.

तरीही पैसा आणि प्रवास ही माझी खरी अडचण नव्हती. हजारो मुले ते सोसतात आणि उत्तम वकील होतात. अडचण रांगेची होती. मुंबईच्या मोठ्या चेंबरमध्ये माझ्या आधी पाच-सहा ज्युनिअर असणार, महत्त्वाच्या प्रकरणात कौन्सिल उभे राहणार, आणि माझ्या वाट्याला तारीख मागणे, न्यायालयाच्या कार्यालयाने (रजिस्ट्रीने) काढलेल्या त्रुटी दूर करणे आणि निवाड्यांच्या प्रती काढणे येणार. ही कामेही शिकवतात. पण ती किती वर्षे शिकवतात आणि कोणत्या वर्षानंतर केवळ वापरून घेतात, याची सीमारेषा मला आजूबाजूच्या अनुभवांत कोठेच स्पष्ट दिसली नाही.

दिल्लीचा विचार थोडक्यात संपला. सर्वोच्च न्यायालयात ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड, म्हणजे तिथे प्रकरण दाखल करण्याचा अधिकार असलेला वकील, व्हायचे तर आधी चार वर्षे वकिली, मग एक वर्ष अशाच नोंदणीकृत वकिलाकडे प्रशिक्षण आणि त्यानंतर परीक्षा. कार्यालयही न्यायालयापासून १६ किलोमीटरच्या आत असावे लागते. ती वाट पहिल्या मुक्कामाची नव्हे.

पुणे सोडणे सर्वांत अवघड गेले, कारण ते सवयीचे झाले होते. शिवाजीनगरचे जिल्हा न्यायालय मोठे आहे, काम भरपूर आहे, मेट्रोची दोन्ही मार्गांची अदलाबदल नेमकी न्यायालयाच्या दारात आहे, आणि पुण्यात मराठीतून उलटतपासणी करणाऱ्या फौजदारी वकिलांचे जे कसब मी इंटर्नशिपमध्ये पाहिले त्याला तोड नाही. परंतु पुणे जिल्हा उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील नव्या बेंचच्या कक्षेत घेतलेला नाही. पुण्याच्या वकिलाला उच्च न्यायालयातील कामासाठी आजही पहाटे उठून डेक्कन क्वीन किंवा तत्सम गाडी धरून मुंबईलाच जावे लागते. पुण्याला खंडपीठ असावे ही मागणी जुनी आहे. मागणीच्या भरवशावर घर भाड्याने घेता येत नाही.

आता कोल्हापूर. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच तेथे सुरू झाले, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे काम तिकडे वळले. या मागणीसाठी सहा जिल्ह्यांतील वकिलांनी चार दशकांहून अधिक काळ आंदोलने केली, कामकाजावर बहिष्कार टाकले, मोर्चे काढले. आमच्या पिढीला हे यश आयते मिळाले आहे. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत दोन न्यायमूर्तींचे एक पीठ आणि दोन एकल पीठे यांनी कामकाजाला प्रारंभ झाला. जत किंवा सांगोल्याच्या पक्षकाराला पूर्वी एका तारखेसाठी रात्रीच्या गाडीने मुंबईला जावे लागे, सकाळी कोठेतरी तोंड धुऊन न्यायालयात पोहोचावे लागे आणि प्रकरण बोर्डावर पुकारले गेले नाही तर तसेच परतावे लागे. आता तो सकाळच्या एसटीने येतो, स्वतः मागच्या बाकावर बसून आपल्या प्रकरणात काय चालले आहे ते पाहतो, आणि संध्याकाळी घरी जातो. याचा वकिलावर एक परिणाम होतो, जो मला फार महत्त्वाचा वाटतो: पक्षकार समोर बसलेला असताना कामात हयगय करणे अवघड जाते.

कामाचे स्वरूपही मला हवे तसे आहे. या सहा जिल्ह्यांचा विचार केला तर साखर कारखाने, सहकारी बँका आणि पतसंस्था यांचे वाद, कूळकायद्याची आणि वाटपाची पिढ्यान्‌पिढ्या चाललेली प्रकरणे, धरणे व महामार्गांसाठीचे भूसंपादन, शिक्षकांच्या सेवाविषयक याचिका, दुसरी अपिले आणि जामीन अर्ज हेच बोर्डावर दिसणार. माझे बाबा पतसंस्थेत नोकरीला आहेत. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली थकबाकीचे वसुली दाखले कसे निघतात आणि सभासद त्यावर काय हरकती घेतात, हे मी जेवणाच्या ताटावर ऐकत मोठी झाले. या विषयांची कागदपत्रे खालच्या न्यायालयांत मराठीत तयार होतात आणि उच्च न्यायालयात कामकाज इंग्रजीत चालते. सातबारा, फेरफार आणि तलाठ्याचा पंचनामा वाचून त्यातील नेमका मुद्दा इंग्रजी याचिकेत उतरवणारा ज्युनिअर अशा ठिकाणी लवकर उपयोगी पडतो. बेंच नवे असल्यामुळे अपील शाखेचा दीर्घ अनुभव असलेले वकील तेथे अजून मोजके आहेत, काही सीनिअर मुंबईहून ये-जा करतात, आणि त्यांच्या गैरहजेरीत 'आज तुम्हीच सांगा' असे न्यायमूर्ती ज्युनिअरला म्हणण्याचे प्रसंग येतात. रांग आहे, पण लहान आहे.

विरुद्ध बाजूचे मुद्दे मी टाळले नाहीत. हे सर्किट बेंच आहे, म्हणजे मुख्य न्यायमूर्तींच्या आदेशाने मुख्य ठिकाणाबाहेर भरणारे पीठ, कायम खंडपीठ नव्हे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या कलम ५१ च्या तिसऱ्या पोटकलमाखाली मुख्य न्यायमूर्तींच्या आदेशाने ते सुरू झाले आहे. पण याच पोटकलमाखाली १९८१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला बैठका सुरू झाल्या, त्यांना दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथे तो निर्णय टिकला आणि १९८४ मध्ये ते खंडपीठ कायम झाले. आज मराठवाड्यातील वकिलांची एक संपूर्ण पिढी त्याच्या आधाराने उभी आहे. मूळ शाखेचे काम कोल्हापुरात येणार नाही, त्यामुळे व्यापारी दाव्यांचा अनुभव मला मिळणार नाही. आणि लहान वकीलवर्गात सर्वजण सर्वांना ओळखतात. सीनिअरशी मतभेद झाला तर दुसऱ्या दिवशी तो बार रूममध्ये माहीत असतो. मुंबईत माणूस गर्दीत नाहीसा होऊ शकतो. इथे ती सोय नाही.

घर शोधताना मात्र दोन गोष्टी नव्याने कळल्या. पहिली ही की वकिलाला घर भाड्याने द्यायला मालक कचरतात. एकट्या मुलीला नको, हे कारण अपेक्षित होते, 'वकील आहात? मग राहू द्या, उद्या घर खाली करून मागितले तर तुम्ही आम्हालाच कोर्टात न्याल' हे कारण मला हसत-हसत पण अनेक दारांवर ऐकावे लागले. अखेर एका घरमालकांना मी स्वतःहून सांगितले की लिव्ह अँड लायसन्सचा करार रीतसर नोंदवू, आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमानुसार तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाचीच असते. त्यांना हे माहीत नव्हते, आणि करार नोंदवला तर मुदत संपल्यावर जागा परत मिळवणे त्यांनाच सोपे जाते हे समजल्यावर किल्ली मिळाली. दुसरी गोष्ट पुराची. उच्च न्यायालय सीपीआरजवळ आणि जिल्हा न्यायालय कसबा बावड्याच्या रस्त्याला, त्यामुळे दोन्हींच्या मध्ये नागाळा पार्काच्या परिसरात राहावे असे नकाशा पाहून वाटते. पण कोल्हापुरात घर पाहताना भाड्याच्या आधी '२०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?' हे विचारायचे असते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल भागांत शिरले होते आणि शिरोलीजवळ महामार्गही बंद पडला होता. शेवटी मी राजारामपुरीत वरच्या मजल्यावरची खोली घेतली. न्यायालय थोडे लांब पडते, पण पावसाळ्यात पुस्तके आणि पक्षकारांची कागदपत्रे कोरडी राहतील.

सनदेच्या शुल्काबाबत एक बाब इथेच नोंदवते, कारण त्यात वाचलेले पैसे घराच्या अनामत रकमेच्या कामी आले. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार सर्वसाधारण प्रवर्गातील उमेदवाराकडून नोंदणीसाठी ७५० रुपयांपेक्षा अधिक शुल्क घेता येत नाही. माझ्या आधीच्या तुकड्यांनी याच्या कितीतरी पट पैसे भरले होते.

न्यायाधीश होण्याचा मार्गही आता शहराच्या निवडीशी जोडला गेला आहे. पूर्वी आमच्याकडे पदवी घेऊन पुण्यातच क्लास लावायचा आणि कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांच्या परीक्षेला बसायचे, असा अनेकांचा बेत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा अनिवार्य झाली, आणि ती प्रत्यक्ष केल्याचे दहा वर्षे वकिली झालेल्या सीनिअरचे प्रमाणपत्र, तेही न्यायिक अधिकाऱ्याने साक्षांकित केलेले, द्यावे लागते. नुसते वकीलपत्रावर नाव टाकून अभ्यासिकेत बसण्याला त्यामुळे फारसा अर्थ उरलेला नाही. मी ज्यांच्याकडे रुजू झाले आहे त्यांचे काम मुख्यतः सहकार आणि सेवाविषयक याचिकांचे आहे, आणि आठवड्यातील काही दिवस बावड्याच्या जिल्हा न्यायालयात साक्षीपुराव्याच्या कामाला पाठवण्याचे त्यांनी मान्य केले आहे. ही अट मी पहिल्याच भेटीत घातली होती. परीक्षेचा अर्ज करायचा की वकिलीतच राहायचे, हे मुदत भरल्यावर पाहता येईल. तोपर्यंतची तीन वर्षे मात्र कोल्हापुरातच मोजली जातील.