टोनोमीटर ‘चालू’ होता, पण तीन एमएम जास्त दाखवत होता : माझा अनुभव

काचबिंदूच्या पेशंटचा डोळ्यातला दाब 18 एमएम पारा आहे की 21, यावर कधी कधी औषध वाढवायचं की नाही हे ठरतं. आमचा गोल्डमन टोनोमीटर, म्हणजे हा दाब मोजायचं यंत्र, 18 ला 21 म्हणत होता. तो दुरुस्त करून घेताना जो वेळ गेला, त्याची चीड अजून गेलेली नाही.

चूक शोधायला पाच मिनिटं पुरतात. यंत्रासोबत डब्यात तपासणीची एक दांडी येते, तिच्यावर पाच खुणा असतात : मधली 0 ची, तिच्या दोन्ही बाजूंच्या 2 च्या, टोकाच्या 6 च्या. ड्रमवरचा (यंत्राच्या फिरवायच्या आकड्यांच्या चाकावरचा) 1 म्हणजे 1 ग्रॅम, म्हणजेच 10 एमएम पारा. प्रिझम (डोळ्याला टेकवायचं टोक) जागेवर बसवून आधी शून्य तपासायचं, त्याला दांडी लागत नाही. ड्रम शून्याच्या किंचित खाली असताना प्रिझमचा हात आपल्याकडे कलला पाहिजे, किंचित वर नेला की पेशंटच्या बाजूला. मग दांडी 2 च्या खुणेवर, लांब टोक आपल्याकडे ठेवून लावायची. हात 1.95 ते 2.05 च्या दरम्यान पलटला पाहिजे. 6 ला 5.9 ते 6.1 चालतं. आमच्या यंत्राचा हात तिन्ही ठिकाणी साधारण 0.3 पुढे जाऊन पलटत होता.

इथून गाडी अडली. दुरुस्तीच्या अर्जात ‘यंत्राची स्थिती’ला दोनच पर्याय : चालू किंवा बंद. यंत्र चालू होतं, म्हणून आम्ही प्रामाणिकपणे ‘चालू’वर खूण केली आणि अर्ज तळाला गेला. फोन केला की एकच प्रश्न : “रीडिंग येतंय ना?” येतंय, पण चुकीचं येतंय, हे समोरच्याच्या गळी उतरेना. वजनकाटा तीन किलो जास्त दाखवत असेल तर दुकानदार तो वापरेल का? डोळ्याच्या बाबतीत हे इतकं का समजावून सांगावं लागतं? शेवटी ‘बंद’वर खूण केली आणि खाली लिहिलं : “0, 2, 6 वर हात 0.3, 2.3, 6.3 ला पलटतो. प्रत्येक ठिकाणी तीनदा तपासलं.” मग अर्ज हलला. तुम्ही पहिल्याच दिवशी आकडे लिहा.

तोवर “प्रत्येक रीडिंगमधून 3 वजा करू” अशी सूचना आली होती. ती मी मानली नाही. वजा करणारा उद्या रजेवर असतो आणि केसपेपरवर कुठला आकडा वजा केलेला, कुठला नाही, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. यंत्र बाजूला ठेवलं, दुसऱ्या खोलीतलं वापरलं. दुरुस्त होऊन आल्यावरही दांडी लावूनच ते आत घेतलं, कारण प्रवासात धक्के बसतात. आता दर महिन्याला तपासतो.

यंत्र बरोबर असलं तरी मोजणाऱ्याचा हात चुकतो. फ्लुरोसीन (मोजण्याआधी डोळ्यात घालायचा रंग) जास्त झालं की प्रिझममधून दिसणारी अर्धवर्तुळं जाड दिसतात आणि दाब जास्त येतो, कमी झालं की बारीक दिसतात आणि दाब कमी येतो. जास्त झालं तर डोळा टिपून घ्या. अर्धवर्तुळांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकल्या पाहिजेत. नाडीबरोबर त्या हलतात, म्हणून हेलकाव्याचा मध्य धरा. पापणी उचलताना बोट हाडावर टेकवा, डोळ्याच्या गोळ्यावर नको. गळ्याचं बटण सैल करा आणि “श्वास रोखू नका” हे दर वेळी सांगा. एकाच डोळ्याला पुन्हा पुन्हा प्रिझम टेकवलं तर दाब उतरत जातो.

सिलिंडर (चष्म्याचा तिरका नंबर) 3 च्या वर असेल तर प्रिझम फिरवून त्याच्यावरचा मायनस सिलिंडरच्या अक्षाचा आकडा होल्डरवरच्या लाल रेघेसमोर आणा. ही गोष्ट खरं तर आधी सांगायला हवी होती, नवीन मुलं हमखास विसरतात. कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) जाडीही एकदा मोजून केसपेपरवर लिहा : पातळ असेल तर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो, जाड असेल तर जास्त. पण जाडीवरून आकडा सुधारण्याचं खात्रीचं सूत्र नाही, म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा. सोबत मोजल्याची वेळही, कारण सकाळचा आणि संध्याकाळचा दाब सारखा नसतो.