छोट्या बारमध्ये गाण्याचे शब्द ऐकू का येत नाहीत

न्यूयॉर्कचा 'सीबीजीबी' हा क्लब १९७३ च्या डिसेंबरात उघडला तो कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूजसाठी. नावातली चारही अक्षरं त्याचीच. तिथे वाढलं मात्र पंक, आणि त्यात मालकाच्या एका अटीचा मोठा वाटा होता: दुसऱ्यांची गाणी नकोत, स्वतःची वाजवा. गल्लीतल्या कुठल्याही कळकट बारमध्ये असं काही रुजायचं असेल तर ही अट चांगलीच आहे. पण तिच्यासोबत एक अडचण येते. गाणं कुणाच्याच ओळखीचं नसतं, त्यामुळे शब्द कळले नाहीत तर हातात उरतो तो नुसता गोंगाट.

लहान खोलीत आवाजाची पातळी ड्रम ठरवतात. जोरात वाजवलेला स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) माइकशिवायच १०० डेसिबलच्या पुढे जातो आणि त्याला कमी करायचं बटण नसतं. म्हणून ५०-६० माणसांच्या बारमध्ये साउंड सिस्टिम मुख्यतः गळ्यासाठी ठेवावी. फार तर किकला, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमला, एक माइक. गिटारचा अँप १५-२० वॅटचा व्हॉल्व्हवाला असला तरी पुरतो, फक्त तो जमिनीवर सपाट ठेवू नये. तसा ठेवला की आवाज वादकाच्या गुडघ्यांवर आदळतो, त्याला स्वतःचं वाजवलेलं ऐकू येत नाही, म्हणून तो वाढवतो आणि पुढच्या टेबलावरच्यांचे कान फुटतात. अँप खुर्चीवर चढवा किंवा मागे कलता करून वादकाच्या कानाकडे वळवा. अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

आता शिट्टी, म्हणजे फीडबॅक: स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरला की ती वाजते. मुख्य स्पीकर माइकच्या पुढे आणि श्रोत्यांच्या डोक्यांच्या वर हवेत. गायकाच्या पायाशी असलेला मॉनिटर (त्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) कुठे ठेवायचा ते माइकवर ठरतं. साधा कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा माइक (एसएम ५८ सारखा) बरोबर पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर सरळ त्याच्या शेपटीसमोर. सुपरकार्डिऑइडला (समोरच्या अरुंद भागातून ऐकणाऱ्या माइकला) मात्र नेमकं पाठीमागून थोडं ऐकू येतं. त्याच्या बहिऱ्या जागा समोरून मोजल्या तर दोन्ही बाजूंना साधारण १२५ अंशांवर असतात, म्हणून मॉनिटर तिरका सरकवायचा. माइक बदलला आणि मॉनिटर तिथेच राहिला, तर काल न वाजणारी शिट्टी आज वाजते. आणि गायकानं जाळीभोवती मूठ आवळली की माइकची दिशाच मोडते. तिथे कितीही चांगला मिक्सर काही करू शकत नाही. गळ्याच्या चॅनेलवर १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका, पावलांची धपधप जाते.

बास घुमतो तो बऱ्याचदा बासवाल्यामुळे नाही, भिंतींमुळे. समोरासमोरच्या भिंतींत ४ मीटर अंतर असेल तर खोली साधारण ४३ हर्ट्झला घुमते. बासवरचा सर्वांत खालचा 'एफ' तिथेच येतो. मग तो एकच सूर ढणढणतो आणि शेजारचे सूर बारीक वाटतात. बासचा अँप कोपऱ्यातून मीटरभर पुढे ओढून बघावा. इक्वलायझरला (वरचे-खालचे सूर वेगवेगळे कमीजास्त करायच्या बटणांना) हात त्यानंतर. रिकाम्या बारमध्ये साउंडचेक करताना आवाज कर्कश लागतो म्हणून ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, फार उतरवू नका. माणसं भरली की अंगं आणि कपडे वरचे सूर शोषतात, बास जवळजवळ तसाच राहतो, आणि दुपारी गोड वाटलेलं मिक्स रात्री चिखल होतं.

गुणगुण येत असेल तर फ्रीज, बर्फाचं मशीन आणि दिव्यांचे डिमर कुठल्या सर्किटवर आहेत ते आधी पाहा. मिक्सर आणि सगळे अँप एकाच सर्किटवर घ्या. तरी राहिली तर डीआय बॉक्सवरचा (वाद्य सरळ मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्टचा, म्हणजे सिग्नलच्या वायरमधलं ग्राउंड तोडणारा खटका वापरा. प्लगची अर्थिंगची पिन काढायची नाही, कधीच नाही: बिघडलेला अँप, हातात गिटारच्या तारा आणि ओठ माइकला, यात माणूस मरू शकतो.

तीन बँड असतील तर ड्रमसेट आणि बासचा अँप एकच ठेवावा. ड्रमवाल्यानं आपला स्नेअर, सिंबल आणि किकचं पेडल आणायचं. साउंडचेक उलट क्रमानं: शेवटी वाजवणारे आधी, पहिले वाजवणारे शेवटी, म्हणजे दार उघडताना स्टेज पहिल्या बँडसाठी मांडलेलं असतं. ड्रमखाली २ बाय २ मीटरची सतरंजी हवी, नाहीतर किक गाण्यागणिक पुढे सरकते. मिक्सर टेबलाच्या उंचीवर नको. बिअर सांडतेच, आणि चिकट झालेला फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकती पट्टी) नेमका गळ्याचा असतो.

स्पीकरचं तोंड काउंटरकडे करू नका. ऑर्डर ऐकू येईना की मालक पहिल्यांदा बँडच बंद करतो. शिवाय कामाच्या जागेसाठी ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा धरली आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा केला, तर १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं उरतात. बँड पाऊण तासात उतरतो, बारटेंडर तिन्ही बँड ऐकतो. इअरप्लगची डबी काउंटरच्या आतल्या बाजूलाही ठेवा.