व्रोत्सवाफ ते कोल्हापूर: बर्फ, धुकं आणि मधले दोन देश

आजीचं सहस्रचंद्रदर्शन रविवारी सकाळी नऊला होतं. मी कोल्हापुरात तावडे हॉटेलपाशी बसमधून उतरलो तेव्हा त्याच रविवारचे पहाटेचे साडेपाच वाजले होते. खरं तर शुक्रवारी सकाळीच महालक्ष्मी एक्सप्रेसनं पोचायचं होतं. मधले दोन दिवस कसे गेले ते लिहितोय, कारण पोलंड-जर्मनीकडं शिकायला, नोकरीला गेलेली आपल्याकडची बरीच पोरं थंडीत याच वाटेनं घरी येतात.

पोलंड आपल्याला तसा परका नाही. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या कॅम्पात जवळपास ५००० पोलिश निर्वासित राहिले होते, वॉर्सात त्याचं स्मारकही आहे. परके होते ते मधले देश.

बुधवारी पोलंडमधल्या व्रोत्सवाफहून वॉर्साला पोचलो तेव्हा बर्फ पडत होता. विमानात बसलो आणि तिथंच अडकलो. अशा हवेत उड्डाणाआधी पंखांवर गरम नारिंगी द्रव मारतात, त्यानं साचलेला बर्फ निघतो. मग दाट हिरवा द्रव मारतात, त्यामुळं नवा बर्फ थोडा वेळ धरत नाही. तेवढ्या वेळात विमान उडालं नाही तर सगळं पुन्हा करावं लागतं. आमचं दोनदा झालं. खिडकीतून तो हिरवा ओघळ बघत मी मिनिटं मोजत होतो, कारण इस्तंबूलला माझ्या हातात फक्त एक तास पन्नास मिनिटं होती. थंडीत दोन विमानांमधलं हे अंतर चार तासांच्या खाली ठेवू नका, तिकीट चार पैसे महाग पडलं तरी चालेल.

इस्तंबूलला मुंबईचं विमान निघून गेलं होतं. पुढचे दोन दिवस जागा नाही म्हणाले. काउंटरवरच्या माणसानं आधी सांगितलं, तुमच्याकडं तुर्कस्तानचा व्हिसा नाही, हॉटेल मिळणार नाही, आतच थांबा. इथं दोन गोष्टी माहीत असल्यानं मी वाचलो. एक, पोलंडचं रेसिडेन्स कार्ड असलेल्या भारतीयाला तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो. सरकारी संकेतस्थळावर फोनवरूनच काढला. दुसरं, युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या प्रवासाला २६१/२००४ हा नियम लागतो. हवामानामुळं उशीर झाला तर २५० ते ६०० युरोंची भरपाई मिळत नाही, पण जेवणाची आणि रात्री राहण्याची सोय करणं कंपनीला बंधनकारक असतं. आवाज न चढवता नियमाचा आकडा सांगितला. अर्ध्या तासात हॉटेलचा कागद हातात आला.

हे सगळं जमलं कारण पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर होता. वेगवेगळी तिकिटं जोडून पैसे वाचवणाऱ्यांनी इथं थांबून विचार करावा. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या तिकिटाला कोणी वाली नसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पर्याय मिळाला: अल्माटीमार्गे दिल्ली. कझाकस्तान! पोटात गोळाच आला. पण भारतीयांना तिथं १४ दिवस व्हिसा लागत नाही हे तपासलं आणि हो म्हणालो. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतोय की तिकीट काढताना नुसता दर बघू नका, वाटेत अडकलात तर कुठल्या देशात बाहेर पाऊल टाकता येईल ते आधी बघा. आणि युरोपात दोन शेंगेन (म्हणजे आपसात सीमेवर तपासणी न करणाऱ्या देशांच्या गटातल्या) विमानतळांवर बदल असेल, तर मधलं विमान देशांतर्गत धरलं जातं, म्हणजे शेंगेन व्हिसा लागतोच.

शुक्रवारी पहाटे अल्माटीत उतरलो तेव्हा उणे चौदा होतं. जाड जॅकेट अंगावर होतं म्हणून निभावलं. माझ्या शेजारच्याचं चेक-इन बॅगेत होतं, बिचारा कुडकुडत होता. पोलंडच्या सिमचं घरच्या दरातलं रोमिंग कझाकस्तानात लागू होत नाही, तिथं ते महाग पडतं. भारतीय सिम रोमिंगसह चालू ठेवा, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि पैसे असूनही हात बांधलेले. विमानतळावरच्या उपाहारगृहात दुधाचा चहा आणि तळलेले बौरसाक (पिठाचे गोळे) मिळाले. दुधाचा चहा! तीन दिवसांत पहिल्यांदा जिवात जीव आला. शाकाहारी असाल तर बाकी पदार्थ विचारून घ्या, तिथं घोड्याचं मांसही खातात.

आजीचा फोन आला. "कुठं हाईस रं? जेवलास काय?"

"आजी, आता तुझ्या घड्याळापेक्षा अर्धाच तास मागं आहे मी." वॉर्सात असताना साडेचार तास मागं असायचो.

त्या रात्रीचं विमान दिल्लीच्या धुक्यामुळं सकाळवर गेलं. जानेवारीत उत्तरेत हे नेहमीचं, म्हणून दिल्लीमार्गे येणार असाल तर दुपारी उतरणारं विमान बघा आणि पुढचं वेगळं तिकीट दिल्लीत पाय ठेवल्यावरच काढा. भारतात पहिल्यांदा उतरता तिथंच सहसा बॅग घेऊन कस्टममधून जावं लागतं. माझी बॅग पट्ट्यावर आलीच नाही. तिथून हलण्याआधी काउंटरवर पीआयआर (बॅग न आल्याच्या तक्रारीचा कागद) भरून घेतला आणि त्याचा फोटो काढला.

मग पुण्याचं विमान, स्वारगेटहून रात्रीची बस. किणीचा टोलनाका दिसला तेव्हा झोप उडाली.

आजीसाठी घेतलेली अंबरची (पिवळसर राळेच्या खड्यांची) माळ मी पहिल्यापासून हातातल्या बॅगेत ठेवली होती. औक्षणाच्या वेळी ती तिच्या गळ्यात होती. मोठी बॅग पुढच्या बुधवारी आली. उशिरा आलेल्या बॅगेची लेखी तक्रार, ती हातात पडल्यापासून २१ दिवसांच्या आत करायची असते. मी त्याच संध्याकाळी केली, मधल्या दिवसांत घेतलेल्या कपड्यांच्या पावत्या जोडून.